डॉक्टर, तुम्हाला कधी झालंय का हे?

मानसोपचाराच्या दवाखान्यात तिसऱ्या-चौथ्या भेटीला हा प्रश्न हमखास येतो. कधी सरळ, कधी आडून. “तुम्ही स्वतः घ्याल का ही गोळी?” “तुमच्या घरात कुणाला झालंय का असं?” नाहीतर चिडून, “तुम्हाला काय कळणार, डॉक्टर!” गुडघ्याच्या डॉक्टरला त्याच्या गुडघ्याबद्दल कुणी विचारलं तर ती नुसती गप्पा असते. मनाचा आजार झालेला माणूस मात्र जगात आपणच तेवढे बिघडलो आहोत अशा समजुतीत आलेला असतो, आणि ती समजूत खोटी ठरावी अशी त्याची मनोमन इच्छा असते. डॉक्टरला खरोखरच कधी नैराश्य आलेलं असेल तर त्याने ते सांगावं का? या प्रश्नावर शंभराहून जास्त वर्षं वाद चालू आहे, आणि त्यात व्हिएन्नापासून पुण्यापर्यंतची माणसं आहेत.

पहिला निकाल फ्रॉइडने दिला. १९१२ साली मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांसाठी त्याने काही सूचना लिहिल्या. डॉक्टरने आरशासारखं असावं, रुग्ण जे दाखवील तेवढंच त्याला परत दिसावं, हे त्यातलं गाजलेलं म्हणणं. तर्क पक्का होता. रुग्ण वडिलांवरचा राग डॉक्टरवर काढतो, आईकडून न मिळालेली माया त्याच्याकडे मागतो. हे सगळं नीट दिसायचं तर डॉक्टरची पाटी कोरी हवी. फ्रॉइडने पुढे असाही इशारा दिला होता की आपलं काही सांगून रुग्णाला बोलतं करता येतं खरं, पण मग त्याला स्वतःच्या मनापेक्षा डॉक्टरच्या मनातच जास्त गोडी वाटू लागते. हे सगळं लिहिणाऱ्या फ्रॉइडने एका भुकेल्या रुग्णाला जेवू घातल्याची नोंद स्वतःच करून ठेवली आहे. उतारवयात तर त्याची चाऊ जातीची कुत्री उपचाराच्या वेळी खोलीत बसलेली असायची. गुरूपेक्षा शिष्यच जास्त सोवळे निघाले. पुढची पन्नास वर्षं टेबलावर बायको-मुलांचा फोटो ठेवावा की नाही यावरही मनोविश्लेषक वाद घालत राहिले.

त्या शिष्यांतला एक मात्र अगदी दुसऱ्या टोकाला गेला. बुडापेस्टचा शांडोर फेरेंत्सी. अवघड, इतरांनी हात टेकलेले रुग्ण त्याच्याकडे यायचे. त्यांत एलिझाबेथ सेव्हर्न नावाची एक अमेरिकन बाई होती. ती स्वतःही लोकांवर उपचार करायची. तुमच्या मनात माझ्याविषयी काहीतरी अढी आहे, ती तुम्ही दडवता, आणि तुमचंही विश्लेषण झाल्याशिवाय माझं पुढे सरकणार नाही, असं तिने त्याला सुनावलं. फेरेंत्सीने बराच काळ टाळलं आणि शेवटी मान्य केलं. मग दोघं आळीपाळीने कोचावर पडू लागले. तो आपल्या लहानपणाच्या जखमा सांगायचा, ती ऐकायची. १९३२ च्या त्याच्या डायरीत या उलटसुलट उपचाराचा हिशेब आहे. त्यात गाठी कशा बसत गेल्या तेही दिसतं. मनात येईल ते सगळं बोलायचं म्हटलं तर दुसऱ्या रुग्णांची गुपितंही तोंडातून बाहेर पडणार. शिवाय कोण कुणावर उपचार करतंय हेच कळेनासं झालं. प्रयोग त्याने गुंडाळला. १९३३ मध्ये तो वारला आणि डायरी छापली जायला १९८५ साल उजाडलं.

फेरेंत्सीला वेड्यात काढणं सोपं आहे, आणि त्याच्या काळात तसं काढलंही गेलं. पण त्याचं एक निरीक्षण आजही कुणाला खोडता आलेलं नाही. डॉक्टर कंटाळलाय, वैतागलाय किंवा गोड बोलून वेळ मारून नेतोय हे रुग्णाला कळतं, आणि ते नाकारलं गेलं की त्याची जुनी जखम पुन्हा उघडी पडते. चूक झाली ती औषधाच्या मात्रेत. सेव्हर्नला हवा होता थोडासा खरेपणा, त्याने तिच्यावर आपलं अख्खं बालपण टाकलं. हे बालपण ऐकणारं त्याला दुसरं कुणी असायला हवं होतं.

नंतर अमेरिकेत वारं फिरलं. कार्ल रॉजर्सने उपचार करणाऱ्याच्या सच्चेपणाला उपचाराच्या मुळाशीच नेऊन ठेवलं. सिडनी जुरार्डने १९६४ मध्ये माणसाच्या पारदर्शकपणावर पुस्तक लिहिलं. पुढे २००२ च्या एका पुस्तकात अर्विन यालोमने या सांगण्याचे तीन भाग पाडले: उपचार कसा चालतो ते सांगणं, आत्ता या खोलीत तुझ्याबद्दल मला काय वाटतंय ते सांगणं, आणि स्वतःच्या आयुष्यातलं सांगणं. पहिलं तर सांगायलाच हवं, दुसरं तारतम्याने, तिसरं फार जपून, असा त्याचा एकंदर सूर. आपला प्रश्न या तिसऱ्या भागातला आहे, आणि त्यातल्याही सगळ्यात नाजूक कोपऱ्यातला.

या तिसऱ्या भागातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण मनोविश्लेषकांच्या खोल्यांपासून पार लांब घडलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन होते. दारूने त्यांची प्रॅक्टिस जवळपास बसलेली होती. मे १९३५ मध्ये त्यांची गाठ बिल विल्सन या दारू सुटलेल्या शेअरबाजारवाल्याशी पडली. बिलने उपदेश केला नाही, आपलीच गोष्ट सांगितली. डॉ. बॉब त्यानंतरही एकदा घसरले. मग १० जूनच्या सकाळी ऑपरेशन होतं, हात थरथरत होते, म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. त्यांनी ऑपरेशन केलं, आणि तीच त्यांची शेवटची दारू. हा दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. काही दिवसांनी दोघं शहरातल्या इस्पितळात एका वकिलाला भेटायला गेले. नर्सेसवर हात उगारल्यामुळे त्याला पलंगाला बांधून ठेवलं होतं. दोघांनी पलंगाशेजारी बसून आपापली कर्मकहाणी सांगितली, बस. तो वकील संघटनेचा तिसरा सदस्य झाला. पुढे डॉ. बॉबनी सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशियाच्या साथीने पाच हजारांच्या आसपास दारुड्यांवर पैसे न घेता उपचार केले. आपले डॉक्टर स्वतः कुठून वर आले आहेत हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे तिथे का जमलं आणि बुडापेस्टमध्ये का फिसकटलं? मला त्याची दोन कारणं दिसतात. एक, तिथे व्यवहार उघड होता. तुला सांगितल्याने माझीही दारू लांब राहते, असं सांगणाराच कबूल करायचा, आणि या मदतीला फी नव्हती. दुसरं, ते दोघं स्वतःचं दुखणं रुग्णाकडे हलकं करायला गेले नव्हते. त्यासाठी ते एकमेकांना होते.

आपल्याकडे ही वाट पुण्यातल्या ‘मुक्तांगण’ने रुळवली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ च्या ऑगस्टमध्ये हे केंद्र सुरू केलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्रच पुढे तिथले कार्यकर्ते, समुपदेशक झाले. समोर बसलेला माणूस कधीकाळी आपल्यासारखाच इथे दाखल होता हे नव्याने आलेल्याला कळतं, तेव्हा त्याची निम्मी बहाणेबाजी बंद पडते. जे डॉक्टरला सहज फसवतात त्यांना हा माणूस फसत नाही.

पण व्यसनाचा नियम नैराश्याला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि इथे उत्साही मंडळी घाई करतात. व्यसनमुक्तीचे दिवस मोजता येतात. नैराश्य परत येऊ शकतं, तेही न सांगता. “मलाही झालं होतं, मी बरा झालो” या वाक्यात डॉक्टरच्या नकळत एक हमी जाते. ऐकणारा लगेच हिशेब मांडतो: डॉक्टर सहा महिन्यांत बरे झाले, मला दोन वर्षं झाली, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. दुसरा म्हणतो, तुम्हाला लागू पडली तीच गोळी मला द्या. तिसरा, आणि हा सगळ्यात जास्त आढळतो, स्वतःचं बोलणंच कमी करतो. डॉक्टरला आधीच एवढा त्रास, त्यात आपली भर कशाला. आईबापांची काळजी घेत मोठी झालेली माणसं तर हे फार चटकन करतात. ती डॉक्टरचीही काळजी घ्यायला लागतात, आणि चाळीस मिनिटं झाल्यावर फी देऊन घरी जातात.

आकडे काय म्हणतात? अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. डॉक्टरांची आधी संमती घेऊन, पण नेमका कोण ते न सांगता, शिकवून तयार केलेले नकली रुग्ण त्यांच्याकडे पाठवले आणि संभाषण ध्वनिमुद्रित केलं. अशा ११३ भेटींपैकी ३४ टक्के भेटींत डॉक्टरांनी स्वतःबद्दल काही ना काही सांगितलं. त्यातलं ८५ टक्के सांगणं रुग्णाच्या काहीच कामाचं नव्हतं, असं संशोधकांचं मत पडलं. बरेचदा डॉक्टर आपल्या गोष्टीवरून रुग्णाच्या गोष्टीवर परत आलेच नाहीत. मला या अभ्यासातली हीच बाब सगळ्यात बोलकी वाटते. त्याआधी, २००४ मध्ये, आणखी एका अमेरिकी अभ्यासात गंमतशीर उलटापालट दिसली होती: सर्जनने स्वतःबद्दल सांगितलं तर रुग्ण जास्त खूश, फॅमिली डॉक्टरने सांगितलं तर कमी खूश. सर्जनकडून आपुलकीची अपेक्षाच नसते, म्हणून दोन शब्द पुरतात, असा माझा तर्क. दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. २००१ मधल्या मानसोपचाराच्या एका प्रयोगात, रुग्णाने काही सांगितल्यावर थेरपिस्टने त्याला धरून आपलंही थोडं सांगितलं तेव्हा रुग्णांचा त्रास जास्त कमी झाला आणि थेरपिस्टही त्यांना अधिक आवडले. हे सगळे अभ्यास सरसकट स्वकथनाचे आहेत, मानसिक आजाराच्याच कबुलीचे नव्हेत, हे विसरू नये. तरी एक कल त्यांतून स्पष्ट दिसतो. थोडक्यात, रुग्णाच्या बोलण्याला जोडून आणि लगेच त्याच्याकडे परतणारं सांगणं फळतं. ऐसपैस सांगणं वाया जातं.

सांगणं कितपत बिघडू शकतं तेही बघू. गटहाइल आणि गॅबर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये डॉक्टर-रुग्ण नात्यातल्या मर्यादांवर एक निबंध लिहिला, आजही तो शिकवला जातो. डॉक्टरने रुग्णाचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणं मागे जाऊन तपासली तर उतरणीच्या वरच्या पायऱ्यांवर बरेचदा डॉक्टरचं स्वतःची दुःखं सांगणं सापडतं. आधी एकटेपणा सांगितला जातो, मग भेटीची वेळ लांबते, मग ती दवाखान्याबाहेर सरकते. प्रत्येक सांगणं तिथे जात नाही. पण ज्याला आपलं ऐकायला दुसरं कुणी नाही असा डॉक्टर त्या उतरणीवर लवकर घसरतो.

आता ज्यांनी जाहीरपणे सांगितलं त्यांच्याकडे वळू. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मानसशास्त्रज्ञ. बायपोलर आजारावरच्या मोठ्या ग्रंथाच्या सहलेखिका. १९९५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहून सांगितलं की तो आजार त्यांना स्वतःलाच आहे. लिथियम आपण वर्षानुवर्षं कसं टाळलं, उन्मादातली झिंग कशी सोडवेना, आणि त्यापायी मरणाच्या दारापर्यंत कशा गेलो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. औषध न घेणाऱ्या रुग्णाला ‘बेजबाबदार’ ठरवणाऱ्या डॉक्टरांनी ती पानं वाचायलाच हवीत. पण त्यापुढचा निर्णय कमी लोकांना माहीत असतो. पुस्तक आल्यावर जेमिसन यांनी रुग्ण तपासणं सोडलं. रुग्णाने खोलीत यावं ते स्वतःच्या प्रश्नांसाठी, माझ्या प्रश्नांचा विचार करत नव्हे, अशी त्यांची भूमिका. जगाला सांगितलं, त्याची किंमत प्रॅक्टिस सोडून मोजली.

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीच्या जनक मार्शा लिनेहन यांनी दुसरा रस्ता धरला. सतत स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांसाठी त्यांनी ही पद्धत घडवली. त्यांच्या हातांवर जुने व्रण होते. रुग्ण ते बघायचे. एका रुग्ण मुलीने शेवटी विचारलंच: तुम्ही आमच्यातल्याच का? २०११ मध्ये लिनेहन हार्टफर्डच्या त्या रुग्णालयात गेल्या जिथे १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्यांना दाखल केलं होतं आणि जिथे त्यांनी २६ महिने काढले होते. तिथल्या सभागृहात, सहकारी आणि नातलगांसमोर, त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. तेव्हा त्यांचं वय ६८ होतं. उपचारपद्धती तोवर अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेली होती. आधी सांगितलं असतं तर लोकांनी पद्धतीऐवजी व्रणच पाहिले असते. एवढा उशीर मला चातुर्याचा वाटतो, भित्रेपणाचा नव्हे. ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञ लिंडा गास्क यांनीही २०१५ मध्ये आपल्या नैराश्यावर पुस्तक लिहिलं. तिघींनीही सांगण्याची वेळ आणि जागा स्वतः निवडली, आणि ती जागा एकेकट्या रुग्णासमोरची खुर्ची नव्हती.

न सांगता आल्याचं टोक दक्षा इमसन यांच्या बाबतीत दिसलं. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या या तरुण मानसोपचारतज्ज्ञाला विद्यार्थिदशेपासून बायपोलर आजार होता. तो कळला तर नोकरी जाईल या भीतीने तो झाकून ठेवण्याची त्यांची धडपड चालू होती. ऑक्टोबर २००० मध्ये, बाळंतपणानंतरच्या आजारात, त्यांनी तीन महिन्यांच्या मुलीचा आणि स्वतःचा अंत केला. २००३ च्या चौकशी अहवालाने वैद्यकीय सेवेतल्या कलंकाच्या भावनेवर बोट ठेवलं. पुढे २००८ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांसाठी वेगळी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली, तिच्या मागे हे प्रकरण होतं. अमेरिकेत डॉ. लॉर्ना ब्रीन यांच्या एप्रिल २०२० मधल्या आत्महत्येनंतर डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाने २०२२ मध्ये कायदा झाला. उपचार घेतले तर परवान्यावर गदा येईल, ही तिथल्या डॉक्टरांची भीती त्या निमित्ताने चव्हाट्यावर आली.

आपल्याकडे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा २०२४ चा अहवाल आहे. त्यासाठीच्या पाहणीत पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांतल्या ३१ टक्क्यांच्या आसपास मुलांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं. उद्या तुमचा केसपेपर हीच मुलं लिहिणार आहेत. वॉर्डात मात्र रेसिडेंटने रजा मागितली की कारण ‘व्हायरल फीव्हर’ असतं. मोठ्यांची रीत आणखी वेगळी. कुणी स्वतःच गोळ्या सुरू करतो, कुणी मित्राला कॉरिडॉरमध्ये गाठून तोंडी विचारतो, केसपेपर काढतच नाही. गावातलाच डॉक्टर नको म्हणून दुसऱ्या शहरात जाणारेही आहेत.

परदेशी वादात न सापडणारी एक अडचण इथे आहे. आपल्याकडे रुग्ण खोलीत एकटा येत नाही. तालुक्याच्या गावातला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. सून रुग्ण, शेजारी नवरा, मागे सासू, आणि दाराशी मोटारसायकलवर घेऊन आलेला दीर. सुनेला धीर यावा म्हणून डॉक्टर म्हणाल्या, “अहो, माझ्या बाळंतपणानंतर मलाही असंच व्हायचं, रडू थांबायचं नाही. मीही गोळ्या घेतल्यात.” सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला बरं वाटलं. सासूने मात्र वेगळंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत एस. टी. स्टँडवर बातमी की बाईंचं स्वतःचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्या आपल्याला काय बरं करणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरने रुग्णाला सांगितलेल्या गोष्टीला असं कुठलंच कुंपण नाही. तरीही त्या खोलीत सुनेचा फायदा झाला, हेही खरंच. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवून हेच वाक्य बोलता आलं असतं, इतकाच माझा आक्षेप.

छोट्या गावात डॉक्टरचं बरंचसं न सांगताच माहीत असतं, हीदेखील इथलीच गोष्ट. त्याचा मुलगा कितवीत नापास झाला, आई कशाने गेली, सगळं. त्यामुळे कोऱ्या पाटीचा आग्रह तिथे हास्यास्पद ठरतो. माहीत आहे ते नाकारू नये आणि माहीत नाही ते उगाच उघडू नये, एवढं जमलं तरी खूप. डॉ. मोहन आगाशे या मानसोपचारतज्ज्ञाची निर्मिती असलेल्या ‘कासव’ या २०१६ च्या चित्रपटातली जानकी याच रीतीने वागते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, घरात आणलेल्या मुलाला मात्र ती ना प्रश्न विचारून भंडावते, ना आपली कहाणी ऐकवते. त्याला जेवण मिळतं, जागा मिळते, वेळ मिळतो.

तेव्हा माझं मत असं. रुग्णाला सांगणं ही डॉक्टरच्या सांगण्यातली शेवटची पायरी असावी. त्याआधी त्याने स्वतःच्या डॉक्टरला सांगितलेलं असावं, एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला सांगितलेलं असावं, आणि जखमेवर खपली धरलेली असावी. ज्याने हे केलंय त्याला रुग्णासमोर दोन वाक्यं पुरतात. ज्याने केलेलं नाही त्याला तासभरही पुरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना यात करण्यासारखं सोपं काम आहे. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत न जाता, आपल्याच विभागप्रमुखांच्या नजरेस न पडता उपचार मिळतील अशी सोय बाहेर करावी. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सर्वांना खुली आहे, डॉक्टरांनाही. पण एका फोन नंबरने वर्गातल्या प्राध्यापकाची कुजकी कोटी थांबत नाही. एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाने भर वर्गात “मी तिसऱ्या वर्षाला असताना उपचार घेतले होते” असं म्हणावं. त्याचा उपयोग शंभर पोस्टर्सपेक्षा जास्त होईल, आणि तिथे रुग्णावर ओझंही पडत नाही.

राहिला रुग्ण. तुमच्या डॉक्टरला “तुम्हाला कधी झालंय का हे?” असं जरूर विचारा, त्यात गैर काही नाही. “ते मी सांगत नाही, पण तुम्हाला हे का विचारावंसं वाटलं?” असं उत्तर आलं तर तो शिष्टपणा समजू नका. आणि डॉक्टर स्वतःचं सांगू लागले व तुम्हालाच त्यांची समजूत काढावी लागतेय असं वाटलं, तर पुढच्या भेटीत तसं स्पष्ट म्हणा. तरीही तेच चालू राहिलं तर डॉक्टर बदला. भेटीची वेळ तुमच्या नावावर आहे आणि फीही तुम्हीच भरलेली आहे.